मंडळाचे काम अहवालात किती, घरात किती?



एप्रिल-मे महिना आला की आमच्या रत्नागिरी तालुक्यातील वाड्यावाड्यांत निळ्या पताका आणि पंचशील ध्वज लागतात. मुंबईहून चाकरमानी मंडळी गावी येतात, विहाराला नवा रंग दिला जातो, भगवान बुद्ध आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची संयुक्त जयंती मोठ्या उत्साहात होते आणि त्यालाच जोडून मंडळाची वार्षिक सभा बसते. चिटणीस अहवाल वाचतात. चौदा एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, वर्षावासाची प्रवचने, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, वह्यावाटप, रक्तदान शिबिर, सहा डिसेंबरचे अभिवादन. यादी मोठी असते. टाळ्या होतात, अहवाल मंजूर होतो, चहा येतो.

यात वाईट काही नाही. दिवसभर राबणाऱ्या माणसाला वर्षातून चार दिवस आनंदाचे आणि अभिमानाचे हवेतच. ज्या समाजाला एकेकाळी गावच्या पाणवठ्यावर पाय ठेवता येत नव्हता, त्या समाजाने वाजतगाजत मिरवणूक काढली तर त्यात त्याचा इतिहास बोलत असतो. परंतु अहवाल मंजूर करून घरी जाणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला एक साधा प्रश्न विचारावा असे आम्हांला वाटते. वर्षभरात मंडळाने जे केले, त्यातले माझ्या घरात काय आले? शेजारच्या घरात काय आले? वाडीच्या टोकाला एकटी राहणाऱ्या म्हातारीच्या घरात काय आले?

गेली काही वर्षे आमच्या मंडळात आम्ही हा प्रश्न धरून काम करीत आहोत. सेवा कार्यक्रमांच्या संख्येने मोजता येत नाही. हाती घेतलेले एखादे काम शेवटच्या घरापर्यंत पोचले की नाही, यावरूनच ती मोजावी लागते, असे आमचे अनुभवाने मत झाले आहे. ते आमच्या वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

ही परंपरा आपलीच आहे

मंडळ काढून सेवा करणे ही शहरातल्या साहेबलोकांची रीत आहे, असा एक गैरसमज आपल्यात आढळतो. रत्नागिरी जिल्ह्याला तरी तो शोभत नाही. गोपाळबाबा वलंगकर हे महाडजवळच्या रावढळचे. १८८६ साली लष्करातून निवृत्त झाल्यावर ते आपल्या जिल्ह्यात, दापोलीला राहिले आणि तेथे त्यांनी 'अनार्य दोष परिहारक मंडळी' ही संस्था उभी केली. त्यांनी 'दीनबंधू'मधून लिहिले, १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढली, आणि आपल्या लोकांची लष्करभरती बंद झाली तेव्हा तिच्याविरुद्ध अर्ज तयार केला. नुसती अन्यायाची तक्रार करून ते थांबले नाहीत. मंडळी जमवली, कागद केला, सह्यांसाठी लोकांकडे गेले. दापोलीतले पेन्शनर शिपाई आणि त्यांचे कागद, अशी आपल्या सामाजिक सेवेची सुरुवात आहे.

पुढे २० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी मुंबईत 'बहिष्कृत हितकारिणी सभा' स्थापन केली. तिचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते, व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष स्वतः बाबासाहेब होते आणि चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर होते. या सभेने पहिल्या वर्षी काय केले ते पाहण्यासारखे आहे. १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. मुंबईत मोफत वाचनालय चालवले. तरुणांसाठी हॉकी क्लबसुद्धा काढला. मुलाला निजायला जागा, वाचायला पुस्तक, खेळायला सोबत! महाडचा सत्याग्रह १९२७ साली झाला. त्याआधी तीन वर्षे ही संस्था असले साधे, घराघरात पोचणारे काम करीत होती, हे आपण विसरतो.

दुसरे उदाहरण तर आपल्या चिपळूणचे आहे. १९२९ च्या एप्रिलमध्ये चिपळूण येथे रत्नागिरी जिल्हा बहिष्कृत परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. कोकणातल्या कुळांना पिढ्यानपिढ्या पिळणाऱ्या खोतीचा प्रश्न तेव्हा पुढे होता. परिषद झाली, मांडव सुटला आणि विषय संपला असे झाले नाही. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. ते विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. खोती नाहीशी करणारा कायदा १९४९ चा. म्हणजे चिपळूणच्या मांडवापासून कायद्यापर्यंत वीस वर्षे गेली! एका परिषदेचे काम वीस वर्षे चालू ठेवावे लागते, हा धडा आपल्या जिल्ह्याच्या मातीतला आहे. आपल्या मंडळाचे ठराव मात्र पुष्कळदा पुढच्या जयंतीपर्यंतही टिकत नाहीत.

रोटरी, लायन्स आणि आपण

रत्नागिरी शहरात रोटरी आणि लायन्स या सेवा क्लबांच्या पाट्या आपण जाता-येता पाहतो. डॉक्टर, वकील, व्यापारी, कारखानदार अशी मंडळी त्यांत असतात. आपल्या वाडीतल्या माणसाला तेथे आपले काही काम आहे असे वाटत नाही. ईर्ष्या करण्याचे कारण नाही आणि दबून जाण्याचेही नाही. जे शिकण्यासारखे आहे ते शिकावे.

रोटरीची सुरुवात १९०५ साली अमेरिकेतील शिकागो शहरात पॉल हॅरिस या वकिलाने तीन मित्रांना घेऊन केली. सभा आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरायच्या, म्हणून नाव रोटरी. लोकसेवेचे त्यांचे पहिले मोठे काम कोणते? शहरात सार्वजनिक शौचालय व्हावे म्हणून त्यांनी १९०७ साली खटपट केली. लायन्स क्लबही १९१७ साली शिकागोलाच निघाला. १९२५ साली हेलन केलर या अंध विदुषीने लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी झटण्याचे आवाहन केले आणि तेव्हापासून डोळ्यांचे काम हे लायन्सचे काम ठरले. शंभर वर्षे होऊन गेली, ते काम त्यांनी सोडलेले नाही.

त्याहून मोठे उदाहरण पोलिओचे. ज्यांचे वय आज पन्नास-साठ आहे, त्यांना आपल्या आळीत पायाने अधू झालेले एखादे मूल आठवतच असेल. १९८८ साली जगात वर्षाला सुमारे साडेतीन लाख मुलांना पोलिओ होत होता. रोटरीने १९८५ पासून हे एकच काम धरले. आपल्या देशात पल्स पोलिओचा देशव्यापी डोस ९ डिसेंबर १९९५ रोजी सुरू झाला. वर्षामागून वर्षे गेली. २००९ साली सुद्धा भारतात ७४१ मुलांना पोलिओ झाला आणि हे काम कधी संपणारच नाही असे पुष्कळांना वाटू लागले. पण ते थांबवले नाही. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावड्याच्या मुलीत शेवटचा रुग्ण आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

आता हे यश कोणाचे? पैसा आणि चिकाटी रोटरीने दिली, लस आणि यंत्रणा सरकारने दिली. पण बर्फाची पेटी खांद्याला लावून, घाटी चढून, नदी ओलांडून, घरोघर दोन थेंब पाजायला कोण गेले? अंगणवाडीच्या ताई, आरोग्यसेविका, पुढे आशा कार्यकर्त्या. त्यांत आपल्या समाजाच्या आया-बहिणी किती होत्या, हे प्रत्येक वाडीला ठाऊक आहे. पोलिओ घालवणारे हात आपल्याही घरातले होते. मग तेच हात, तीच चिकाटी आपल्या मंडळाच्या कामात का दिसू नये?

रविवारचे टेबल

आमच्या मंडळाने वर्षाच्या कार्यक्रमांत एका टेबलाची भर घातली. दर रविवारी सकाळी दहा ते एक, विहाराच्या पडवीत एक टेबल, दोन खुर्च्या, एक जाड रजिस्टर आणि बसायला दोन माणसे. पहिले काही रविवार कोणी आले नाही. पुढे एक आई मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला पिशवीत घालून आली. नंतर रांग लागू लागली. टेबलावर येणारी निम्मी कामे एकाच जातीची असतात, म्हणजे अगदी शब्दशः जातीची! जातीचा दाखला आणि त्याची वैधता.

या विषयाची माहिती प्रत्येक कुटुंबाला असली पाहिजे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात आधी फक्त हिंदू धर्मीयांचा समावेश होता, १९५६ साली शीख बांधवांचा झाला. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपण बौद्ध झालो आणि केंद्राच्या सवलतींच्या बाहेर राहिलो. महाराष्ट्र राज्याने नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राचे दार बंदच होते. ते उघडायला १९९० साल उजाडावे लागले. त्या वर्षी संसदेने दुरुस्ती केली आणि बौद्धांचा समावेश झाला. म्हणून आज दाखला मागताना धर्म बौद्ध असला तरी मूळ जातीचा पुरावा द्यावा लागतो, आणि अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीपासून कुटुंब महाराष्ट्रात राहत असल्याचे दाखवावे लागते. राज्याच्या २००० च्या कायद्याप्रमाणे पुरावा देण्याची जबाबदारी अर्जदाराची आहे. दाखला प्रांत कचेरीतून मिळतो. त्यानंतर शिक्षण, नोकरी किंवा निवडणुकीसाठी जात पडताळणी समितीकडून वैधता प्रमाणपत्र घ्यावे लागते.

हा १९५० पूर्वीचा पुरावा आपल्या घरांत कोठून यायचा? जमीन खोताची, घर भाड्याचे नाही पण सातबारा नावावर नाही. आजोबा मुंबईला गिरणीत. शाळा झाली ती मराठी दुसरीपर्यंत. दाखला कोणी जपून ठेवलेला नाही. अशा वेळी घरचे हात टेकतात. परंतु दाखला हरवला तरी शाळेचे जनरल रजिस्टर हरवत नाही. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांतून पूर्वीची रजिस्टरे आजही कपाटात आहेत. आजोबांचे नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मतारीख, शाळेत घातल्याची तारीख, सगळे शाईने लिहिलेले असते. अर्ज केला की त्याचा उतारा मिळतो. आजोबा मुंबईत शिकले असतील तर तिकडच्या महापालिका शाळेत शोध घ्यावा लागतो. शाळाच नसेल तर गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी पाहाव्या लागतात. हे काम एकट्या विधवा आईने किंवा कंत्राटी कामगार बापाने करायचे म्हटले तर चार दिवसांची मजुरी बुडते. मंडळाने केले तर एका खेपेत पाच घरांचे काम होते.

आमच्याकडे एक मुलगी बारावी शास्त्राला होती. वडील नाहीत, आई काजूच्या कारखान्यात. आजोबांचा कोठेही कागद नव्हता. भावकीत विचारपूस केली तेव्हा एक आजी म्हणाल्या, "तुझ्या आज्याला आम्ही सगळी गणू म्हणायचो, पण शाळेत मास्तरांनी वेगळं नाव घातलं होतं." त्या नावाने शोधल्यावर शेजारच्या गावच्या शाळेत नोंद सापडली. एका म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीने नातीचे शिक्षण वाचले. असे किती आजी-आजोबा आपल्या आठवणी घेऊन निघून जात असतील, याचा विचार करावा.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. टेबल सुरू होण्यापूर्वी आमच्याच भागातल्या एका मुलाची अभियांत्रिकीची जागा वैधता वेळेवर हाती न आल्यामुळे गेली. गुण होते, हुशारी होती, कागद नव्हता. आज तो एका कारखान्यात कंत्राटावर आहे. त्याचा सत्कार दहावीला मंडळाने केलेला होता! गुलाबाचे फूल आणि सन्मानचिन्ह त्याच्या घरी आहे. त्याला तेव्हा फुलापेक्षा कोणी एवढेच सांगायला हवे होते की, बाळा, अकरावीत गेल्याबरोबर कागद जमवायला लाग, बारावीत पडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत भर.

भावकीचा कागद

येथे एक नाजूक गोष्ट बोलणे भाग आहे. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातील कोणाकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर ते पडताळणीत मोठा पुरावा ठरते. चुलत्याची, आत्याची, चुलत भावाची वैधता असली की मुलाचे काम पुष्कळ सोपे होते. वंशावळीत नाते दाखवावे लागते आणि त्या प्रमाणपत्राची प्रत जोडावी लागते. असे असताना आपल्याकडे काय होते? बांधावरून, सामायिक फणसावरून, लग्नातल्या मानपानावरून भावकीत अबोला असतो. मूल प्रत मागायला जाते आणि चुलते म्हणतात, "कागद मुंबईला आहे, बघू." ते बघणे पुढे कधी होत नाही.

ज्यांच्याकडे हे प्रमाणपत्र आहे त्यांना आमची हात जोडून विनंती आहे. प्रत दिल्याने आपले काहीही कमी होत नाही. आपल्याला ते मिळाले तेही आजोबांच्या नावावर, आणि आजोबा दोघांचे एकच आहेत. आमच्या मंडळाने ज्या ज्या घरांनी संमती दिली त्यांची एक नोंदवही केली आहे. कोणत्या भावकीत कोणाकडे वैधता आहे, जुनी नोंद कोणत्या शाळेत सापडली, एवढेच त्यात असते. कागद ज्याचा त्याच्या घरी राहतो. विचारल्याशिवाय कोणाला दाखवला जात नाही. या वहीमुळे दोन घरांचा अबोला सुटला, हे आमच्या दृष्टीने एखाद्या मोठ्या कार्यक्रमाहून कमी नाही.

टेबलावरचे दुसरे काम शिष्यवृत्तीचे. दहावीनंतरची भारत सरकारची शिष्यवृत्ती, तिचा महाडीबीटीवरचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, बँक खात्याला आधार जोडणे. यांतली एक कडी तुटली की वर्ष जाते. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. राहण्या-जेवणाचा खर्च मुलाच्या खात्यात जमा होतो. पुष्कळ पालकांना तिचे नावसुद्धा माहीत नसते. माहिती देणे ही सुद्धा सेवाच आहे आणि तिला मांडव लागत नाही.

दिसत नाही म्हणणारी माणसे

जनगणनेचे आकडे पाहा. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार ७७७ होती, ती २०११ साली १६ लाख १५ हजार ६९ झाली. सगळ्या राज्याची वाढत असताना आपली घटली! हजार पुरुषांमागे स्त्रिया ११२२. याचा अर्थ तरुण माणूस मुंबई-पुण्याला गेला आणि घर राखायला राहिल्या त्या आई, आजी आणि सुना. कितीतरी घरांत एकच म्हातारे माणूस आहे.

या माणसांचे सर्वात मोठे दुखणे मोतीबिंदू. तांदळातले खडे दिसत नाहीत, पायरी चुकते, नातवाचा चेहरा ओळखू येत नाही, आणि विचारले की उत्तर येते, "वयाप्रमाणे कमी दिसायचंच, बाबा. आता दिसून काय करायचंय?" मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले भिंग गढूळ होणे. ते थेंबांनी किंवा चष्म्याने जात नाही. छोट्या शस्त्रक्रियेने गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात. १९७६ पासून देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे आणि सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत होते. मग आपली माणसे का राहतात? पैशापेक्षा सोबतीमुळे. नेणार कोण, रात्री थांबणार कोण, नंतर काही आठवडे वेळेवर थेंब घालणार कोण?

शिबिरे होतात. एका दिवसात पुष्कळ डोळे तपासले जातात, फोटो निघतो. खरे काम दुसऱ्या दिवशी सुरू होते. आमच्या मंडळाने ठरवले की शिबिर कोणाचेही असो, रोटरीचे, लायन्सचे वा सरकारचे, तेथे आपली माणसे न्यायची. ज्यांना शस्त्रक्रिया सांगितली त्यांची नावे रजिस्टरला घ्यायची. प्रत्येक नावापुढे सोबतीचे नाव लिहायचे आणि थेंबांचे दिवस पुरे होईपर्यंत नाव खोडायचे नाही. एस.टी.ने २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आणि २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट केल्याने खर्चाचाही भार हलका झाला. ज्या आजी "आता दिसून काय करायचंय" म्हणत होत्या, त्याच पट्टी सुटल्यावर शेजारणीला म्हणाल्या, "अगो, तू किती म्हातारी झालीस!" सगळी पडवी हसली. अहवालात ही ओळ लिहिता येत नाही, पण मंडळाचे काम घरात आले ते असे.

स्त्रिया समितीत हव्यात

रोटरीसारख्या जगभर पसरलेल्या संस्थेने स्त्रियांना सभासद करून घेण्याचा नियम १९८९ साली केला. आपल्या चळवळीने हे कधीच केले होते. महाडला १९२७ साली स्त्रिया होत्या आणि २० जुलै १९४२ रोजी नागपूरला झालेल्या महिला परिषदेला सुमारे पंचवीस हजार स्त्रिया जमल्या होत्या. तरीही आज पुष्कळ मंडळांच्या फलकावर पंधरा नावे असतात आणि शेवटी 'महिला प्रतिनिधी' म्हणून एक. मिरवणुकीत त्या पुढे, चूल त्यांच्याकडे, वंदना त्यांच्या आवाजात आणि निर्णय मात्र दुसऱ्यांचे! आमचे टेबल चालले ते तेथे एक पुरुष आणि एक स्त्री बसू लागल्यावर. नवऱ्याने सोडलेली बाई, आजार लपवणारी सून, मुलीचा दाखला मागायला आलेली आई पुरुषासमोर तोंड उघडत नाही. बाजूला बाई दिसली की बोलते.

हिशोब उघडा असावा

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आमच्या पेशाचा. आम्ही जन्मभर जमा-खर्चाची वही लिहीत आलो. मंडळे मोडतात ती बहुधा पैशाच्या चोरीने नाही, तर हिशोब न सांगितल्याने. गावातला कार्यकर्ता खिशातले घालतो आणि मुंबई शाखेतल्या माणसाला वाटते, आपण पाठवलेला फंड गेला कोठे? पावती नसते, व्हाउचर नसते, तोंडी हिशोब होतो आणि एक संशय दहा वर्षांचे काम बुडवतो.

मंडळ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेले असावे. समिती बदलली की नव्वद दिवसांत फेरफाराचा अर्ज धर्मादाय कार्यालयात द्यावा. वर्षानुवर्षे तो न दिल्यामुळे निवर्तलेल्या माणसांची नावे कागदोपत्री विश्वस्त म्हणून राहतात आणि बँकेत सही चालत नाही. ३१ मार्चला वही मिटवून लेखापरीक्षण करून घ्यावे. आणि एवढ्यावर न थांबता जमा-खर्चाचा कागद विहाराच्या भिंतीला लावावा, त्याची प्रत मुंबईच्या खोलीवर पाठवावी. ज्याने वीस रुपये वर्गणी दिली त्यालाही ते वीस रुपये कोठे गेले हे वाचता आले पाहिजे.

उत्सवाचा खर्च बंद करा असे आम्ही म्हणत नाही. आमची सूचना एवढीच की जमलेल्या प्रत्येक शंभर रुपयांतले पंचवीस रुपये आधी बाजूला काढावेत. ते झेरॉक्स, एस.टी. भाडे, नोंदींच्या उताऱ्याची फी आणि रुग्णालयातल्या सोबतीचे जेवण यांसाठी ठेवावेत. उरलेल्या पंच्याहत्तरांत खुशाल पताका लावाव्यात, गाणीही गावीत. पुढच्या वर्षी एक स्पीकर कमी लावला गेला तरी आवाज कमी होणार नाही.

करण्यासारखे

आपल्या वाडीत हे काम सुरू करू इच्छिणाऱ्यांसाठी अनुभवाचे चार शब्द. पहिले म्हणजे एकच काम निवडावे. दाखले असोत, डोळे असोत वा अभ्यासिका असो, तीन वर्षे ते सोडू नये. दुसरे, वार आणि वेळ ठरवून द्यावी. पाऊस असो वा कोणी न येवो, त्या वेळी टेबलावर माणूस असला पाहिजे. तिसरे, रजिस्टर ठेवावे आणि काम पुरे झाल्याशिवाय नाव खोडू नये. चौथे, गाव आणि मुंबई यांनी कामे वाटून घ्यावीत. गावच्या शाळेची नोंद गावाने काढावी, महापालिका शाळेची मुंबईने. आपल्या कोकणात बौद्धजन पंचायत समितीच्या गावशाखा आणि मुंबई शाखा ही जोडी आधीपासून आहे. तिचा उपयोग निधी पाठवण्यापुरता न ठेवता कामासाठी करावा. आणि घरातील दहावीला बसलेल्या मुला-मुलींच्या आयांनी एक काम आजच करावे. आजे-सासऱ्यांचे शाळेतले नाव काय होते आणि शाळा कोणती, हे घरातल्या सर्वात वयस्कर माणसाला विचारून एका कागदावर लिहून ठेवावे.

तसेच ज्या मंडळांत असे एखादे काम चालू असेल त्यांनी ते आमच्या साप्ताहिकाकडे अवश्य लिहून पाठवावे. किती पाहुणे आले, किती हार घातले हे न लिहिता, किती नावे रजिस्टरला आली आणि त्यांतली किती कामे पुरी झाली तेवढे लिहावे. राहिलेल्या नावांचाही आकडा लिहावा. तो वाचूनच पुढच्या रविवारी कोणीतरी टेबलावर बसायला येईल.